बिडाचा बंब

शनिवार, २ नोव्हेंबर १९८५

म्हाताऱ्या माणसाला विमानात घालून साता समुद्रापार आणायचं आणि तळघरात नेऊन बसवायचं, ही कुठली रीत? येऊन सहा महिने झाले. सून स्वयंपाकघरात हात लावू देत नाही. म्हणते, आई, तुम्ही आराम करा. आणि आराम म्हणून मुलाने काय हातात दिलं, तर बॉयलर.

असो. जयभीम, वही. मी सुमित्राबाई, देवानंदची आई. चौथी पास, तीही प्रौढांच्या वर्गात, म्हणून अक्षर मोठं येतं. देवानंद म्हणाला, "आई, दर शनिवारी काय केलंस ते तारीख टाकून लिहीत जा." म्हणून लिहिते. बाकीचं जे लिहीन ते त्याने वाचायचं नाही.

आज तेल कंपनीचा म्हातारा आला होता, वॉल्टर. थंडीआधी एकदा बॉयलर साफ करून जातो. हे घर जर्सी सिटीतलं, माझ्याहून जुनं. तळघरात लोखंडाचं हे एवढं धूड. पोटात तेलाची आग, वर पाणी, पाण्याची वाफ पाइपातून खोल्याखोल्यांत. घर त्यावर ऊब धरतं. वॉल्टर इंग्रजीत सांगत होता आणि नात विनीता मराठीत. ती दहा वर्षांची आहे. अर्धं मराठी बोलते, अर्धं इंग्रजी, पण मनाचं काही घालत नाही.

त्याने सांगितलं ते असं. बॉयलरच्या बाजूला एक डबा आहे. डब्यात तरंगता गोळा. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की गोळा खाली जातो आणि आग आपोआप बंद पडते. पण डब्यात गाळ साचतो, आणि गाळ साचला की गोळा अडकतो. म्हणून दर शनिवारी आग पेटलेली असताना डब्याखालची तोटी उघडायची. पाणी स्वच्छ येईपर्यंत बादलीत सोडायचं. आग विझली पाहिजे. विझली म्हणजे डबा जिवंत आहे. मग तोटी बंद, बॉयलरवरच्या काचेच्या नळीत बघून, पाणी भरायच्या दुसऱ्या तोटीने अर्ध्याच्या वर पाणी भरायचं, आणि तिथे टांगलेल्या कार्डावर खूण करायची.

विनीताने बोट नाचवलं. "आणि आजी, काचेत पाणी दिसलंच नाही तर डोन्ट अ‍ॅड वॉटर. नेव्हर. जिन्याच्या वर लाल बटण आहे ते बंद करायचं आणि ह्यांना फोन. आणि दर आठवड्याला जास्त जास्त पाणी भरायला लागलं तरी फोन."

मी म्हटलं, "तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही? बावीस वर्षं मी अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात बंब पेटवला. चाळीस मुलींचं आंघोळीचं पाणी. बंबात पाणी कमी दिसलं की आधी कळशी ओतायची, मग दुसरं बोलायचं. नाहीतर सांधे सुटून बंब कामातून जातो. सांग त्याला."

तिने सांगितलं. म्हातारा हसला नाही. म्हणाला, तो तरुण होता तेव्हा असाच एक बॉयलर जमीन फोडून वर गेला होता. बैठकीतून, तिथून छपरात. घरात कोण होतं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

त्याच्यासमोर तोटी उघडली. गेरूसारखं लाल पाणी. आग विझली. खूण केली.

माझी खोली बॉयलरच्या बरोब्बर वर आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

तोटी उघडली, बादली भरली, आग विझली. तोटी बंद केल्यावर आधी एकदम शांत. मग धप्प करून पुन्हा पेटली, तेव्हा मी बादलीसकट खाली बसले. कोणी पाहिलं नाही.

तेवढ्यात सून मीरा वरून ओरडली, "आई, काय केलंत? घर गार पडलं! विनीता आंघोळीला बसलीय!"

मीरा वाईट नाही. हॉस्पिटलात रक्त तपासते, दिवसभर उभी असते, घरी येऊन बोलायला तिच्यात जीव राहत नाही. पण तो आवाज ऐकला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. वसतिगृहातल्या रेक्टरबाईंचा आवाज असाच होता. "सुमित्रा, विस्तव विझला कसा? मुली खोळंबल्यात!" तिथे मी चोरी केली असती तर एकवेळ चाललं असतं, विस्तव विझलेला चालत नव्हता. मी हौदावर पाणी काढायची आणि तिथून हाक मारायची, "विस्तव आहे का रे?" देवानंद बंबापाशी पुस्तक घेऊन बसलेला. मान वर न काढता म्हणायचा, "आहे." पुष्कळदा नसायचा. बोलणी मी खायची.

त्याला रात्री जेवताना म्हटलं, एकदा खाली येऊन बघ तरी. म्हणाला, "आई, बावीस वर्षं बंब सांभाळलास, हे काय वेगळं?" आणि हसला. घर घेऊन तीन वर्षं झाली, त्याच्या चपलेला तळघराची धूळ लागलेली नाही. मला कारण ठाऊक आहे. शाळेत पोरं त्याच्या सदऱ्याचा वास घेऊन नाक धरायची. आता नदीखालच्या बोगद्यातल्या गाडीने न्यूयॉर्कला नोकरीला जातो, कपड्यांवर सेंट मारतो. 

शनिवार, १६ नोव्हेंबर

युक्ती सापडली. भिंतीवर जे थंडीगरमीचं बटण आहे ते आधी खाली केलं. बॉयलर मुकाट्याने बंद झाला. मग खाली जाऊन तोटी उघडली. धप्प नाही, ओरडा नाही. आग विझायलाच हवी ना? मग मीच आधी विझवली. गोष्ट एकच. दहा मिनिटांनी बटण परत वर. मीराला कळलंसुद्धा नाही.

पाणीही बादलीभर सोडलं नाही. दोन तांबे काढले. तापलेलं पाणी मोरीत ओतणं माझ्या हाताला जमत नाही. लालच होतं, पण लाल पाण्याने काय बिघडतं? लोखंड आहे, गंज असणारच.

कार्डावर काय छापलंय ते विनीताला विचारलं. तोटी उघडली का? उघडली. आग बंद झाली का? होती बंद. दोन्ही खुणा केल्या. खुणा छान येतात मला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

घरी एकटी. दुपारी पाइप वाजायला लागले. टण, टण, टण. तळघरात कोणाला तरी कोंडलंय आणि तो आतून दार ठोकतोय असं. मीरा म्हणते, वाफ आहे, पाणी आहे, त्याचा आवाज. असेल. मी स्वेटर घालून स्वयंपाकघराच्या त्या टोकाला बसून राहिले. भात खाल्ला तोही उभ्याने.

पलंग ओढून दुसऱ्या भिंतीला लावला. बॉयलर वर आलाच तर चार फुटांनी काय फरक पडणार, पण माणूस चार फूट सरकतं.

भीती वाटते असं मी कोणाला सांगणार नाही. सांगितलं तर परत पाठवतील, नाहीतर हसतील. हसण्यापेक्षा परत पाठवलेलं बरं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

बटण खाली, तोटी, दोन तांबे, खुणा. काचेत पाणी दोन बोटं उतरलं होतं. भरलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

चार बोटं उतरलं होतं. भरलं. थंडी वाढली तशी त्याची तहान वाढली. पौषात आमच्या बंबाचंही असंच व्हायचं.

विनीता जिन्यावर बसून बघत होती. "आजी, वॉल्टर सेड, जास्त पाणी लागलं तर..."

"वॉल्टरला अमरावतीची थंडी माहीत आहे का?"

"अमरावतीत थंडी असते?"

"गप बस. अभ्यास कर."

तरी देवानंदच्या कानावर घातलं. "पाणी जास्त लागतंय. त्या म्हाताऱ्याला बोलावू का?" तो फोनवर माणसं जमवत होता. म्हणाला, "आठ तारखेचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू." मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. दुसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही. बावीस वर्षांत मला कोणी दुसऱ्यांदा सांगू दिलं नव्हतं.

शनिवार, ७ डिसेंबर

उद्या घरात अठ्ठावीस माणसं. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची सहा तारीख शुक्रवारी झाली, पण अमेरिकेत दुःखालासुद्धा रविवारची वाट बघावी लागते. मीराने आज मला सुरी दिली. पाच किलो बटाटे चिरले. खाली धावत गेले, एकच तांब्या काढला, काच जवळजवळ रिकामी होती, अर्ध्याच्या वर भरली, खुणा केल्या. पाणी भरताना आतून कसलातरी सुस्कारा आल्यासारखा वाटला. थांबून ऐकायला वेळ नव्हता. खरं लिहायचं तर थांबून ऐकायची छाती नव्हती.

सोमवार, ९ डिसेंबर

काल लिहिता आलं नाही. 

माणसं दोन वाजता जमली. बाहेर बर्फ. मीराने दोनदा भिंतीवरचं बटण वर केलं, लेकरं आहेत म्हणून. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, वंदना सुरू झाली. मी मागे खुर्चीवर होते.

मला वास आला. मेणबत्तीचा नाही. रिकामी कढई चुलीवर विसरली की येतो तो.

आजूबाजूला बघितलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी उठले आणि तळघरात उतरले.

काचेच्या नळीत पाणी नव्हतं. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही. आणि आग गुरगुरत होती. डब्याने ती बंद पाडायला हवी होती. पाडली नव्हती. लोखंड टिक टिक, टिक टिक करत होतं, आणि जवळ उभं राहवत नव्हतं.

माझा हात पाणी भरायच्या तोटीवर गेला. मी नेला नाही, तो गेला. बावीस वर्षांचा हात आहे. पाणी दिसत नाही ना, ओत पाणी. तोटी कडक झाली होती, फिरेना. पदर गुंडाळला, दुसरा हात लावायला वाकले, आणि कपाळावरचा घाम टपकला. वरचा पत्रा जिथे निघालाय तिथे उघड्या लोखंडावर पडला. चर्र झालं. थेंब नाचला आणि गेला.

तव्यावर नाचतो तसा.

लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूचा बिडाचा तवा मी असाच फोडला होता. लाल तापलेला, लवकर निवावा म्हणून तांब्याभर पाणी मारलं. कडाड् करून दोन तुकडे, एक तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीला लागला. सासूने तो वर्षभर दारात ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला सुनेची अक्कल दाखवायला.

बंब तांब्याचा होता. हे बीड आहे. एवढं मोठं बीड, आणि त्याच्या डोक्यावर अठ्ठावीस माणसं, त्यात माझी नात.

हात काढला. तोटी फिरली नव्हती. फिरली नव्हती ना, हे मी तीनदा बघितलं.

मग जिना.  लाल बटण वरच्या दाराबाहेर भिंतीवर, तिथेच कोट अडकवायच्या खुंट्या, आणि खुंट्यांवर अठ्ठावीस माणसांचे कोट. बटण दिसेना. मी कोट ओढून जमिनीवर टाकत सुटले. काळा, निळा, लेकराचा लाल, तो लाल बघून वाटलं सापडलं. सगळ्यात खाली बटण होतं. दाबलं. गुरगुर थांबली.

आयुष्यात पहिल्यांदा मी पेटती आग स्वतःच्या हाताने विझवली आणि ओरडा खायला थांबले नाही.

बैठकीत जाऊन ओरडले, "उठा! सगळे बाहेर! लगेच!"

ज्ञानदेव प्रोफेसर आहे, त्याने एक डोळा उघडला. "आजी, वंदना चाललीय."

"रस्त्यावर कर. बाहेर!"

देवानंद माझ्याजवळ येऊन दात आवळून म्हणाला, "आई, तमाशा करू नकोस. लोक काय म्हणतील?"

"जिवंत राहिले तर म्हणतील. काच कोरडी आहे आणि बॉयलर तापून लाल व्हायला आलाय. पाणी मारशील तर फुटेल. चल."

मीराने एक शब्द विचारला नाही. एका हातात विनीता, दुसऱ्या हातात कोणाचं तरी तान्हं, आणि पायात नुसते मोजे. सगळ्यांत आधी बर्फात तीच. तिच्याबद्दल मागे लिहिलंय ते खोडत नाही, पण हेही लिहिते.

समोरच्या फुटपाथवर सगळे उभे. कोणाच्या अंगावर कोणाचा कोट. ज्ञानदेवच्या हातात मेणबत्ती तशीच, वाऱ्याने विझलेली. मी घराकडे बघत होते. छपराकडे. एक तास बघत होते.

वॉल्टर आला तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. खाली गेला, लगेच वर आला. म्हणाला, आज कोणी कशालाही हात लावायचा नाही, आपोआप गार होऊ दे. आज सकाळी गार झाल्यावर त्याने येऊन डबा उघडला. आत चिखल. चमचा उभा राहील एवढा घट्ट, आणि त्यात गोळा रुतून बसलेला, वरच्या वर. म्हणजे पाणी संपलं तरी डबा म्हणत होता, आहे.

वॉल्टरने कार्ड काढलं. सगळ्या खुणा एका ओळीत, सुरेख. त्याने कार्डाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. देवानंद त्याच्यावर इंग्रजीत ओरडत होता. सगळं नाही कळलं, पण बोट त्याच्या छातीवर होतं.

मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. गप्प राहिले.

बुधवार, ११ डिसेंबर

घर थंडगार. गॅसखालच्या ओव्हनचं दार उघडं ठेवून सगळे स्वयंपाकघरात. मी दोन दिवस जेवले नाही. मीराला वाटतं थंडीने.

देवानंद तेल कंपनीला फोन करत होता. विनीताला विचारलं, काय म्हणतोय? ती म्हणाली, "बाबा म्हणतात वॉल्टरने नीट साफ नाही केलं. त्याला कामावरून काढा म्हणतात."

"ठेव तो फोन," मी म्हटलं.

"आई, मधे बोलू नकोस."

"ठेव म्हटलं ना! त्याने सांगितलं होतं पेटत्या आगीवर तोटी उघडा, बादलीभर सोडा. मी आग आधीच बंद करत होते आणि तांब्याभर काढत होते. दोन आठवडे नीट केलं, पुढचे चार लबाडी. खुणा माझ्या आहेत. त्या म्हाताऱ्याला कामावरून काढायचं ते मला काढ."

त्याने फोन ठेवला. "का पण?"

"विझली की ओरडा बसतो."

"कोण ओरडतं तुला इथे?"

मी मीराकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

देवानंदला जरा वेळाने उमगलं. हळूच म्हणाला, "आई, रेक्टरबाई जाऊन पंधरा वर्षं झाली."

"मला माहीत आहे. पाठीला कोण सांगणार?"

 मग तोच म्हणाला, "तू सांगितलं होतंस पाणी जास्त लागतंय. मी नंतर बघू म्हटलं. तीन वर्षांत मी एकदाही खाली गेलो नाही."

"ते तू सांगायला नको. मला मोजता येतं."

त्याने पुन्हा फोन लावला. या वेळी आवाज खाली होता. सॉरी हा शब्द मला येतो, तो तीनदा ऐकला.

शुक्रवार, १३ डिसेंबर

वॉल्टरने नवा डबा बसवला. तळघराची जमीन खणली, खालचा परतीचा पाइप कुजून त्याला माझी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. सगळं पाणी मातीत जात होतं. महिनाभर मी जमिनीला पाणी पाजत होते आणि म्हणत होते, थंडी वाढली.

बीड तडकलं नाही. तो म्हणाला, हे नशीब, यावर पुन्हा भरवसा ठेवू नका. मी विनीताकडून त्याला बिडाच्या तव्याचं सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला, आणि माझ्या सासूचं नाव विचारून घेतलं. कशाला, कोण जाणे.

मग त्याने आग पेटवली आणि मला तोटीपाशी बसवलं. बादली भरली. पाणी लाल, मग पिवळं, मग स्वच्छ. आग विझली. तोटी बंद केली. शांत. धप्प. मी बसूनच होते, म्हणून पडले नाही. भीती गेलेली नाही. विझल्याची होती ती आहेच, पेटल्याची वर आली.

पलंग जिथे होता तिथे ओढला नाही. चार फूट तर चार फूट.

शनिवार, १४ डिसेंबर, सकाळी

कार्डावर आता मी एकटीने खूण करायची नाही, हे मीच ठरवलं. माझ्या खुणेवर माझा विश्वास नाही. तोटी मागच्या बाजूला, खाली. आग दिसते ती खिडकी पुढच्या बाजूला. एका माणसाला दोन्हीकडे बसता येत नाही.

मीराने स्वतः सांगितलं, "आई, दहा वाजता घर गार झालं तर होऊ दे. मी विनीताची आंघोळ नऊला उरकते." ठीक आहे.

देवानंद वर नवा सदरा घालतोय. जुना घाल म्हणून निरोप पाठवलाय.

दहा वाजता मी तोटी उघडीन आणि विचारीन, "विझली का रे?" उत्तर त्यानेच द्यायचं. मीराने नाही, विनीताने नाही. आणि खिडकीला डोळा लावून, बघून, मगच.